मालिकेतलं शेंडेफळ लिहिताना या चुका टाळा

कौटुंबिक विनोदी मालिकेची संहिता हातात आली की मी आधी घरातल्या सगळ्यात लहान मुलाचे सीन काढून वाचतो. लेखकाने कुठे घाई केली आहे ते तिथे लगेच कळतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मुलाच्या तोंडी मोठ्यांचा पंच, म्हणजे टाळी घेणारं चटपटीत वाक्य. एका मालिकेच्या सेटवर पहिलीतल्या मुलीला वाक्य दिलं होतं, "आई, नातं म्हणजे मोबाईल नाही, चार्जिंग संपलं की बदलायला." टेकवर टेक होत होते. दर वेळी ती 'चार्जिंग'पाशी अडखळायची आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे बघायची. शेवटी रडकुंडीला आली. तुकडे तुकडे शूट करू, बाकीचं डबिंगमध्ये बघू, असं कुणीतरी सुचवलं. ही पळवाट मला अजिबात पटत नाही. शब्द जुळतात, पण चेहऱ्यावरचं पाठांतर जात नाही. मी ते वाक्य काढून टाकलं आणि सीन असा केला: आईबाबांचं भांडण चालू आहे आणि हिला सहलीच्या फॉर्मवर सही हवी आहे, उद्या शेवटची तारीख. ती पेन घेऊन आधी बाबांसमोर उभी राहते, मग आईसमोर. "सही." एवढाच संवाद. सीन ओके झाला आणि लाइटवाले दादासुद्धा हसले.

तेव्हापासून माझी सवय अशी: सीनच्या समासात आधी लिहायचं, या मुलाला आत्ता काय हवंय? संवाद नंतर. पाच-सहा शब्दांच्या पुढे वाक्य गेलं की कापायचं. 'द कॉस्बी शो' या अमेरिकी मालिकेत 1985 साली आजी-आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळं घर गायक रे चार्ल्सच्या गाण्यावर ओठ हलवतं. सहा वर्षांची केशिया नाइट पुलियम, म्हणजे घरातली धाकटी रूडी, त्या गाण्यातल्या गायिकेच्या आर्त किंकाळ्यांवर तोंड उघडते तेव्हा तिच्या वाट्याला स्वतःचा एकही शब्द नाही. ती ते काम जीव तोडून करते, म्हणूनच हसू येतं. रील्समधली आगाऊ पोरं बघून लिहायला बसणाऱ्या नव्या मंडळींनी हा प्रसंग शांतपणे बघावा.

सात वर्षांच्या मुलाला बोबडं बोलायला लावू नका.

एकच पालुपद प्रत्येक एपिसोडला नको.

प्रत्येक वाक्यानंतर 'टुंग' असा आवाज टाकायचा असेल तर वाक्यच बदला.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक: मूल वाढतं, हे विसरणं. 'द ब्रेडी बंच' या अमेरिकी मालिकेतली मुलं मोठी झाली, तेव्हा 1974 मध्ये शेवटच्या सहा भागांसाठी ऑलिव्हर नावाचा आईचा लहान भाचा आणला. गोडव्याची भरपाई झाली नाही, मालिका संपली. 'फॅमिली मॅटर्स' या तिथल्याच मालिकेने तर धाकटी मुलगी ज्युडी चौथ्या सीझननंतर गायबच केली. घरात कुणी तिचं नावही काढलं नाही. प्रेक्षक जेवता जेवता मालिका बघत असले तरी घरात माणसं किती ते त्यांना पाठ असतं. दात पडला तर दात पडल्याचा सीन लिहा, आवाज फुटला तर तोही कथेत घ्या. नवं गोंडस मूल आणणं हा आळस आहे.

आणि वेळेचं गणित आधी करा. आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त तर नाहीच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, उत्पन्नातला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. 'फुल हाऊस' या अमेरिकी मालिकेत धाकट्या मिशेलच्या भूमिकेत 1987 पासून ओल्सन जुळ्या बहिणी आलटून पालटून होत्या, त्यामागे तिथल्या कायद्याने आखलेले तासच होते. आपल्याला जुळी मिळतीलच असं नाही. म्हणून मुलाचे सीन एका जागी, दिवसाच्या सुरुवातीला लागतील असे लिहा. रात्री नऊला पेंगणाऱ्या पोराकडून विनोद काढून घेणारा दिग्दर्शक चुकतोच, पण तसा सीन लिहून देणारा लेखकही तितकाच चुकतो.