अ‍ॅक्सल बदलताना गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल कोणतं घालायचं

जुन्या जीपखाली दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा पाटे, यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टच्या लांबीवर होते. तेलाचा विषय निघतो शेवटच्या दिवशी, दुकान बंद व्हायच्या वेळेला. मग कुणीतरी म्हणतं, "नव्वद नंबर टाका अन् मोकळे व्हा." जालन्यापासून उदगीरपर्यंत हा सल्ला मी ऐकला आहे. तो अर्धवट आहे, म्हणूनच महागात पडतो.

आधी हे डोक्यात पक्कं करा: तेल गाडीचं नसतं, भागाचं असतं. जीपचा गिअरबॉक्स तोच राहिला असेल तर त्यात जीपच्याच पुस्तकात लिहिलेलं तेल जाईल. अ‍ॅक्सल ज्या गाडीचा आला, त्यात त्या गाडीच्या पुस्तकातलं. एका गाडीत दोन गाड्यांची पुस्तकं चालवावी लागतात.

अ‍ॅक्सल ओळखा

जुन्या बाजारातून अ‍ॅक्सल उचलतानाच तो कोणत्या गाडीचा, कोणत्या मॉडेलचा आणि साधारण कोणत्या वर्षाचा, हे विचारून कागदावर लिहून घ्या. क्राऊन (आतलं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) यांचे दात मोजा. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपला ४३ आणि ८ दात, म्हणजे ५.३८ चं प्रमाण असायचं. फोर-व्हील असेल तर पुढचं-मागचं प्रमाण जुळलंच पाहिजे. आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधून सुटका नाही.

दोन्ही मागची चाकं उचला, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधा डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. चाक अडून राहिलं किंवा फिरवायला फार जोर लागला तर आत क्लच प्लेटा असण्याची शक्यता धरा आणि लिमिटेड स्लिपसाठीचंच (एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या डिफरन्शियलचं) तेल घ्या.

गिअर ऑइल: इथे घाई करू नका

माझं नुकसान इथेच झालं, तेही दोनदा.

पहिल्या वेळी शेतातल्या आखाड्यावर ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगचं (गिअरच्या लोखंडी पेटीचं) तेल बादलीभर उरलं होतं. जाड, चांगल्या प्रतीचं, सीलबंद. ट्रॅक्टरचं एवढं मोठं धूड ज्यावर चालतं ते जीपला का चालू नये, असं वाटलं आणि ते अ‍ॅक्सलमध्ये भरलं. पंधरा दिवसांत साठच्या वेगाला मागून बारीक सूं-सूं सुरू झाली. बेअरिंग असेल म्हणून मी आणखी महिनाभर गाडी हाकली. हौसिंग उघडलं तेव्हा क्राऊनच्या दातांवर नखाला लागतील असे ओरखडे होते आणि पिनियन तापून निळा पडला होता. दोन्ही जोडीने बदलावे लागले, कारण क्राऊन-पिनियन एकेकटे बदलता येत नाहीत.

त्या तेलात खोट नव्हती. ट्रॅक्टरची ही तेलं साधारण जीएल-४ च्या पातळीची असतात; जीएल हा डब्यावर छापलेला गिअर तेलाचा दर्जा. माझ्या अ‍ॅक्सलमधली रचना हायपॉइड होती, म्हणजे पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. तिथे नुसत्या तेलाचा थर फाटतो. मग कामाला येतात गंधक आणि फॉस्फरसचे घटक: ते तापलेल्या पोलादावर पातळ थर धरतात आणि दातांना एकमेकांवर चिकटू देत नाहीत. जीएल-५ मध्ये या घटकांची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. हायपॉइड अ‍ॅक्सलला जीएल-५ च लागतं.

दुसऱ्या वेळी मी उलट्या टोकाला गेलो. जीएल-५ एवढं भारी, तर तेच सगळीकडे, असं ठरवून वीस लिटरची बादली आणली आणि गिअरबॉक्सलाही तेच भरलं. वर्ष उलटलं आणि दुसरा गिअर टाकताना खर्र आवाज येऊ लागला. आतल्या सिंक्रोच्या (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या जोडणीच्या) रिंगा पितळी होत्या. रिंगेने कोनाला घासून पकडलं तरच दोघांचा वेग जुळतो. तेल जास्त निसरडं असलं की पकड बसत नाही. शिवाय तापलेल्या तेलातला गंधक पितळ खातो. म्हणून पितळी सिंक्रोच्या गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च. डब्यावर दोन्ही आकडे छापलेलं तेल दुकानदार पुढे करेल. मी घेत नाही. दोन डबे ठेवतो आणि झाकणांवर रंगाने "हौसिंग" आणि "गिअर" लिहितो.

आता नव्वद की एकशेचाळीस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर जातो, म्हणून जाड तेल घाला, असं सांगणारे खूप आहेत. हे साफ चूक आहे. ९० आणि १४० हे आकडे १०० अंशांवरच्या घट्टपणावरून ठरलेले आहेत. ४३ अंशांच्या उन्हाला ते घाबरत नाहीत. उलट जाड तेल घुसळताना स्वतःच उष्णता तयार होते, डिझेल जास्त जातं आणि परभणीच्या डिसेंबरातल्या पहाटे ते पिनियनच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. रोजच्या गाडीला ८०डब्ल्यू-९०. पुस्तक परवानगी देत असेल आणि गाडीमागे भरलेली ट्रॉली रोज ओढायची असेल तरच ८५डब्ल्यू-१४०. तेल जाड केल्याने जीएल-४ चं जीएल-५ होत नाही. घट्टपणा वेगळा आणि आतला मसाला वेगळा.

भरताना सपाट जागा, आधी वरचा प्लग उघडा, मग खालचा. जुनं तेल निघालं की खालचा प्लग बसवा आणि वरून भरा. तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेला आलं की थांबा.

ब्रीदर, म्हणजे हौसिंगवरचं हवा ये-जा करायचं छोटं तोंड, मात्र विसरू नका. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो, तेल सीलमधून निघून ब्रेक लायनरवर उतरतं. आणि तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते व पाणी ओढून घेते. तेलाचं ताक होतं. ब्रीदरला नळी लावून ती चेसिसच्या वर न्या.

ब्रेक ऑइल

हे नावच घातक आहे. यात तेल नसतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची द्रवं आहेत. तेल समजून कुणी इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल टाकतं आणि सगळे रबर कप फुगतात. फुगलेला कप मास्टर सिलेंडरचं (पेडलने दबणाऱ्या मुख्य सिलेंडरचं) परतीचं छिद्र बुजवतो, ब्रेक सुटत नाहीत, ड्रमला हात लावला तर भाजतो. म्हणून व्हील सिलेंडर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ देऊ नका. मिस्त्री ओळखीचा असला तरी समोर उभे राहा. ताजं ब्रेक फ्लुइड किंवा स्पिरिट, दुसरं काही नाही. चुकून तेल गेलंच असेल तर फ्लुइड बदलून भागत नाही. रबरं सगळी नवी.

नव्या अ‍ॅक्सलला डिस्क ब्रेक असेल तर डॉट ४ घ्या. कोरड्या अवस्थेत डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कन्नडच्या औट्रम घाटात भरल्या गाडीने उतरताना हा फरक पायाला कळतो: द्रव उकळलं की वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. ड्रमची जुनी डॉट ३ ची गाडीही डॉट ४ वर चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉन आहे, ते बाकीच्यांत मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून घेऊ नका.

ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. मागे डिस्क आली की तो दाब पॅड घासत ठेवतो. तो व्हॉल्व्ह तपासा.

छोटी बाटली घ्या. उघडी राहिलेली बाटली पावसाळ्यात हवेतलं पाणी पिते. ती वापरू नका. ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाचशे किलोमीटरनंतर

क्राऊन-पिनियन नवे बसवले असतील तर पहिले पाचशे किलोमीटर ट्रॉली जोडू नका. मग अ‍ॅक्सलचं तेल गरम असतानाच काढा आणि प्लगच्या चुंबकावर बोट फिरवा. राखाडी, मऊ लगदा असेल तर तोच ग्रेड पुन्हा भरा. बोटाला पापुद्रे टोचले तर नवं तेल ओतू नका, हौसिंग उघडा.