माती परीक्षण: पिशवी भरण्याआधी एवढं करा

कृषी सहायक म्हणून नोकरी संपली तरी लोक अजून माती परीक्षणाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी आकडे बघतच नाही. विचारतो, माती कुठून काढली? उत्तर बहुतेक ठरलेलं: "बांधाच्या कडेची, साहेब. आत चिखल होता." मग त्या कागदावर खत कसं ठरवायचं?

माती काढायची एप्रिल-मेमध्ये, रान मोकळं असताना. रासायनिक खत टाकून दोन-तीन महिने तरी झालेले असावेत. बांध, विहिरीचा काठ, झाडाची सावली, उकिरडा, जनावरं बांधायची जागा सोडून द्या. काळं रान आणि मुरमाड तुकडा कधीच एकत्र करू नका, दोन्हीची वेगळी पिशवी.

नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करा आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या. खड्ड्यातली माती टाकून द्यायची. त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची काप वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर ही काप लाकडी पट्टीनं काढा. गंजक्या खुरप्यानं लोहाचा आकडा फुगतो, जस्ताच्या पत्र्याच्या बादलीनं जस्ताचा. फळबागेचं वेगळं, तिथं एक, दोन, तीन फुटांचे थर स्वतंत्र घेतात.

सगळी माती गोणपाटावर कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी पिशवी अजिबात नको. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते: नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक, बागायत की जिरायत.

2015 साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन असे 12 आकडे येतात. मुक्त चुना, म्हणजे चुनखडी, त्यात नाही, आणि आमच्या काळ्या रानात दुखणं बहुधा तिथंच असतं. म्हणून कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठात पिशवी देताना "चुनखडीही बघा" असं तोंडानं सांगा. प्रयोगशाळेत मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की चुनखडीची माती फसफसते.

कागद हातात आला की तो केंद्रातल्या मृदाशास्त्रज्ञाला दाखवा, मग दुकानात जा. हा क्रम उलटा झाला तर दुकानात पडून असलेलंच खत तुमच्या रानाला "कमी" निघतं!

चुनखडीच्या रानात लोह कमी पडून उसाला केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात. नुसता हिराकस (फेरस सल्फेट) फोकला तर लोह मातीत अडकून बसतं. एकरी दहा किलो हिराकस दहापट शेणखतात कालवून पाच-सहा दिवस मुरवा, मग सरीत द्या.