सोडियम-क्लोरीन सेल लवकर मान टाकतो? ॲडिटिव्ह वाढवण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात जुलैमध्ये डब्याचं झाकण उघडं राहिलं की पापड नरम पडतात. या सेलच्या इलेक्ट्रोलाइटमधला, म्हणजे आतल्या विद्युतवाहक मिश्रणातला मुख्य द्रव असलेल्या थायोनिल क्लोराइडचं त्याहून वाईट. पाण्याचा अंश लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड निघतो. म्हणून कुणी पोरगं 'सर, सायकली (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) टिकत नाहीत, सोडियम एफएसआय (ॲडिटिव्ह म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडा मिसळायचा फ्लोरिनयुक्त क्षार) वाढवू का?' म्हणालं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: क्षार वाळवला कधी? हे फ्लोरिनयुक्त क्षार हवेतलं पाणी ओढतात. व्हॅक्यूममध्ये रात्रभर वाळवून मग ग्लोव्हबॉक्सपर्यंत (हातमोजे बसवलेल्या कोरड्या, बंद पेटीपर्यंत) उघड्या बाटलीत नेले, तर मेहनत पाण्यात. एका पावसाळ्यात मी स्वतः हेच केलं आणि महिनाभर सेलच्या कार्बन इलेक्ट्रोडला दोष देत बसलो.

दुसरी चूक समजुतीची आहे. ॲडिटिव्ह म्हणजे तांबड्या रश्श्यातलं तिखट नव्हे, की कमी वाटलं तर अजून एक चमचा. स्टॅनफर्डच्या गटाने 2021 मध्ये जो रिचार्जेबल सेल दाखवला, त्यात थायोनिल क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोराइड आणि थोडे फ्लोरिनयुक्त क्षार होते. या क्षारांचं काम सोडियमच्या बाजूला: पृष्ठभागावरचा थर सोडियम फ्लोराइडने मजबूत करणं. क्लोरीन धरून ठेवतात ती दुसऱ्या बाजूच्या कार्बनची सूक्ष्म छिद्रं. तिथून क्लोरीन निसटत असेल, तर ॲडिटिव्ह कितीही ओता, फरक पडायचा नाही.

तिसरी चूक हावरेपणाची. त्या सेलचा पहिला डिस्चार्ज कार्बनच्या ग्रॅममागे सुमारे 2800 मिलीॲम्पिअर-तास होता. पण तो थायोनिल क्लोराइडच्या विघटनाचा. त्यातून गंधक, सल्फर डायऑक्साइड आणि मीठ (सोडियम क्लोराइड) बनतं. पुढच्या सायकलींत मिठातून क्लोरीन आणि क्लोरीनमधून पुन्हा मीठ, एवढाच खेळ. 200 हून जास्त सायकली चालल्या त्या 1200 पर्यंतच चार्ज करून. पहिला आकडा पाहून चार्जिंग ताणलं, तर मीठ संपतं आणि इलेक्ट्रोलाइटच ऑक्सिडाइज होऊ लागतो.

हे सगळं फ्यूम हूडमध्ये (विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि ग्लोव्हबॉक्समध्येच. घरी अजिबात नाही.

तरीही दोष सापडेना? मेलेला सेल ग्लोव्हबॉक्समध्येच उघडा. जुना कार्बन तसाच ठेवा, सोडियम आणि इलेक्ट्रोलाइट नवे घाला. क्षमता परत आली, तर कार्बन निर्दोष. मग ॲडिटिव्हचं प्रमाण खुशाल बदलून बघा.