लहान शेतावर हंगामी सामुदायिक उपक्रम कसे आखावेत

शेतावर लोकांना बोलवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी सोयीची सुट्टी शोधली जाते, मग कार्यक्रमाला आकर्षक नाव दिले जाते आणि त्या दिवशी शेत कोणत्या अवस्थेत असेल हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो. मोठ्या शेतावर हा क्रम कसाबसा निभावतो. लहान शेतावर मात्र कापणी करणारी, जनावरे सांभाळणारी आणि पाहुण्यांना वाट दाखवणारी माणसे तीच असतात, त्यामुळे तारीख शेताच्या कामांतूनच निघायला हवी.

त्यासाठी पहिली पायरी म्हणजे वर्षाचे कोष्टक. एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखावेत आणि प्रत्येक महिन्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: त्या काळात कोणती कामे असतात, त्यांना किती माणसे लागतात आणि बाहेरच्या माणसाने पाहावे असे शेतात काय असते. पाहण्यासारखे काही आहे आणि हातही थोडे मोकळे आहेत, असे आठवडे वर्षात फार नसतात, पण उपक्रमांच्या खऱ्या जागा त्याच. ऐन काढणीत शेत सर्वांत देखणे दिसते म्हणून तेव्हाच लोकांना बोलवण्याचा मोह होतो. पाहुणे स्वतः फळे किंवा फुले तोडणार असतील तरच तो पुरवावा.

पुढची पायरी विषय निवडण्याची. ज्या कामासाठी शेतावर वेगळे काही उभारावे लागत नाही तो विषय उत्तम. उदाहरणार्थ, सूर्यफुलांच्या शेतात फेरफटका ठेवायचा असेल, तर पेरणीची तारीख उलट मोजून काढावी लागते. बहुतेक वाण पेरणीपासून साधारण 55 ते 75 दिवसांत फुलतात, पण एका वेळी पेरलेल्या पट्ट्याची ऐन बहराची अवस्था जेमतेम एक-दोन आठवडे टिकते. म्हणून एकच मोठा पट्टा पेरण्याऐवजी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन लहान पट्टे पेरावेत, म्हणजे हवामानामुळे एखादा पट्टा मागेपुढे झाला तरी लोक रिकामे शेत पाहून परतत नाहीत. लाल भोपळ्याच्या बाबतीत पेरणीपासून फळ पिकेपर्यंतचा कालावधी वाणानुसार 90 ते 120 दिवसांचा धरावा. फुलणे आपल्या आज्ञेत नसते. तेव्हा सुरुवातीला केवळ पंधरवडा जाहीर करावा आणि कळ्या दिसू लागल्यावर नेमका दिवस कळवावा.

कामे थंडावलेल्या महिन्यांकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि ते चुकीचे आहे. गावाच्या दिव्यांपासून दूर असलेल्या शेताजवळ काळोख असतो, जो शहरी माणसाला सहज मिळत नाही. दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव अशा रात्रीसाठी चांगले निमित्त आहे. मात्र त्या वर्षी तो पौर्णिमेच्या जवळ येतो का हे आधी पाहावे, कारण भर चांदण्यात फिकट उल्का दिसत नाहीत. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात. म्हणून लोकांना थोडे लवकर बोलवावे, वाटेवर फक्त मंद तांबडे दिवे ठेवावेत आणि मोबाइल खिशात ठेवण्याची विनंती करावी. पिकाला धक्का न लागता आणि फारसा खर्च न होता होणारा असा दुसरा उपक्रम मला तरी माहीत नाही.

यानंतर पाहुण्यांची संख्या ठरवावी, आणि ती उत्साहावर न सोडता मोजून ठरवावी. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला सुमारे 25 चौरस मीटर जागा लागते. म्हणजे 1,000 चौरस मीटरच्या पडीक तुकड्यात 40 गाड्या मावतील आणि गाडीमागे तीन माणसे धरली तर 120 लोक होतील. पण प्रत्येक गटाला शेत दाखवायला दोनच माणसे असतील आणि एकाला पंधरा जणांहून अधिक सांभाळता येत नसतील, तर एका वेळी 30 हीच मर्यादा. वाहने, शौचालये, हात धुण्याच्या जागा आणि सोबतीची माणसे यांपैकी जो आकडा सर्वांत लहान निघेल तोच खरा. अर्धा दिवस चालणाऱ्या कार्यक्रमाला दर पन्नासेक लोकांमागे एक शौचालय असावे, असा ढोबळ हिशेब धरावा. वेळा वाटून आगाऊ नोंदणी घेतली की गर्दी आपोआप विभागली जाते. ओल्या जमिनीवर मात्र वाहने कधीही उभी करू नयेत; चाकांखाली खोलवर दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला वर्षे लागतात.

सुरक्षिततेची पाहणी लहान मुलाच्या नजरेने करावी. विहीर, तळे, शेणखताचा खड्डा, एकावर एक रचलेल्या गवताच्या गाठी, औषधांची खोली आणि किल्ली लावून ठेवलेला ट्रॅक्टर या साऱ्या मुलांना खुणावणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांना कुंपण घालावे किंवा कुलूप लावावे. केवळ सूचनाफलकावर विसंबू नये. फवारणी केली असल्यास किती काळ शेतात शिरू नये आणि काढणीपूर्वी किती दिवस जाऊ द्यावेत हे औषधाच्या वेष्टनावर दिलेले असते. त्यानुसार उपक्रमाच्या दिवसापासून मागे मोजावे.

जनावरांना हात लावू देणार असाल, तर बाहेर पडण्याच्या वाटेवरच वाहते पाणी आणि साबण ठेवावा. जंतुनाशक द्रव त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण मळलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. निदान 20 सेकंद हात धुवावेत, आणि खाण्यापिण्याची जागा गोठ्यापासून दूर असावी. पाच वर्षांखालील मुलांवर विशेष लक्ष ठेवावे. गर्भवती स्त्रियांनी नुकत्याच व्यालेल्या मेंढ्यांजवळ जाऊ नये, ही सूचना नोंदणीच्या वेळीच द्यावी.

परवानग्या आणि विम्याचे काम कंटाळवाणे असले तरी लवकर उरकावे. शेताच्या नेहमीच्या विम्यात पैसे देऊन आलेल्या पाहुण्यांची इजा अनेकदा धरलेली नसते, म्हणून विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. रुग्णवाहिकेची वाट सदैव मोकळी राहावी. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सर्वांना पक्क्या इमारतीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर सोडू नये. एवढी माणसे मावतील अशी इमारत नसेल, तर पावसाळी हवेत कार्यक्रम रद्द करण्याचा निर्णय आदल्या दिवशीच घ्यावा.

पहिला प्रयोग शेजाऱ्यांसाठी करावा. धूळ, आवाज आणि वाहनांचा त्रास त्यांनाच होणार असतो, आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या सूचना बहुधा रोखठोक असतात. पाहुण्यांना काहीतरी करायला द्यावे, पण काम विचारपूर्वक निवडावे: नवख्या हातांना खुरपणी दिली तर तणाबरोबर रोपेही उपटली जातात, तर शेंगा सोलणे, बी निवडणे किंवा जुड्या बांधणे ही कामे बसून करता येतात आणि गप्पांनाही वाव देतात.

कार्यक्रम संपला की त्याच संध्याकाळी आलेली माणसे, झालेला खर्च आणि तयारीपासून साफसफाईपर्यंत घरच्यांनी दिलेले तास लिहून ठेवावेत. मिळालेली रक्कम त्या तासांनी भागली असता मजुरीइतकाही दर निघत नसेल, तर पुढील हंगामात शुल्क, गटांचा आकार किंवा विषय यांपैकी काय बदलायचे हे ठरवावे. आणि केवळ परिचय वाढावा म्हणून तोटा सोसायचा असेल, तर तो किती सोसायचा याचा आकडाही त्याच वहीत लिहावा.