जळक्या ऑइलने मेलेला वाफा: पाणी मुरत नव्हतं, ते असं सुटलं

मालवणजवळ आमच्या परसात पॉवर टिलरचं ऑइल बदलताना दोनेक लिटर जळकं ऑइल मिरचीच्या वाफ्यात सांडलं. रोपं पिवळी पडली. पाणी ओतलं की मातीवर मण्यांसारखं थांबायचं, आत मुरायचंच नाही. साबणाचं पाणी ओतलं, तर ऑइल आणखी खाली गेलं. अख्खा हंगाम गेला, जीव हळहळला.

शेवटी ऑइलने काळी पडलेली माती वास संपेपर्यंत, वीतभर खणली आणि मांगरात, म्हणजे शेतातल्या छपराखाली, ताडपत्रीवर पसरली. उघड्यावर ठेवली तर पावसाने ऑइल विहिरीकडे जायचं. तीन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत, वर थोडा चुना, कारण जांभ्याची माती आंबट. पंधरवड्याने थोडा युरिया: ऑइल खाणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात, पिकाला उरत नाही. दर आठवड्याला उलथली. ओल इतकीच, की मूठ दाबली तर पाणी गळू नये.

सहा महिन्यांनी पाणी लगेच मुरलं. कुंडीत मुगाचे दहा दाणे पेरले, नऊ रुजले. पण जळक्या ऑइलमधले शिसं, जस्त जिवाणू संपवत नाहीत, म्हणून त्या मातीत फक्त झेंडू लावलाय. मिरचीच्या वाफ्यात नवी माती भरली.