कोगनोळीचा पंप आणि बासेलची आठ नंबरची ट्राम

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यानं मला मशीनच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे स्वित्झर्लंडला, बासेलला पाठवलं होतं. राहायचा खर्च कंपनीचा. खाणं आणि फिरणं भत्त्यातून. तिथं हॉटेलात दोन्ही वेळा जेवलात तर भत्त्यातलं काही उरत नाही. आता आणखी पोरं निघालीत, म्हणून लिहितोय.

आपण सीमाभागातली माणसं. कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून कोल्हापूरकडच्या गाड्या कोगनोळीला येऊन टाकी भरतात, हे लहानपणापासून बघितलंय. बासेलची माणसंही स्वस्त किराण्यासाठी तेच करतात. आठ नंबरची ट्राम शहरातून थेट जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला जाते. २०१४ साली रूळ हद्दीपलीकडं नेले. तांदूळ, पीठ, दही, भाजी तिथूनच आणा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडं चालतो, तरी पासपोर्ट जवळ ठेवा. परत येताना माणशी १५० फ्रँकपर्यंतच्या खरेदीवर स्विस कर लागत नाही. मांस मात्र माणशी एक किलोच. आणि शनिवारीच जा. रविवारी दोन्ही देशांत बहुतेक दुकानं बंद असतात. माझा पहिला रविवार ब्रेड आणि शेंगाचटणीवर गेला.

कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, नेऊ नका. तिथल्या साहेबांसाठी आईनं डबा बांधला होता. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत, हे मला आदल्या रात्री कळलं. डबा घरीच राहिला, आईला फार वाईट वाटलं. तुपाचंही तसंच. चटणी नेता येते.

हॉटेलात पोचल्यावर बासेलकार्ड घ्या, मुक्कामभर शहरातली ट्राम-बस फुकट. त्याची हद्द कुठवर आहे तेवढं विचारून घ्या.

खरा पैसा लांबच्या रेल्वेत जातो. महिनाभराचं हाफ फेअर कार्ड घेतलं की तिकीट बहुतेक ठिकाणी निम्म्यात येतं, पण एकाच रविवारी फिरणार असाल तर ते परवडत नाही. त्यापेक्षा सेव्हर डे पास बघा: दिवसभर रेल्वे, बस, तलावातली बोट, सगळं त्यात. तो जितका आधी घ्याल तितका स्वस्त. मी आदल्या दिवशी घ्यायला गेलो आणि सगळ्यात महागाचा मिळाला. व्हिसा हातात पडला की बेळगावातूनच काढा.

युंगफ्राऊयोखच्या, म्हणजे ३,४५४ मीटरवरच्या स्टेशनच्या, शेवटच्या टप्प्याला हा पास चालत नाही. मी तिकडं गेलो नाही. त्याच पासावर लुसर्नच्या तलावात बोटीनं फिरलो, दोन्ही बाजूंनी डोंगर होते. चौकातल्या कारंज्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं. ‘काइन ट्रिंकवासर’, म्हणजे पिण्याचं पाणी नाही, अशी पाटी नसली की ते पिता येतं.