एमबीबीएसनंतर ब्रिटनमध्ये डॉक्टरकी: प्लॅबपासून पहिल्या नोकरीपर्यंत

प्लॅब, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची ब्रिटनमधली पात्रता परीक्षा, पास होणं हे या वाटेवरचं सर्वांत अवघड काम राहिलेलं नाही. अवघड आहे ती त्यानंतरची पहिली नोकरी. २०२५ च्या भरतीत स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी, म्हणजे विशेषज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी, जागांच्या अडीच पटींहून जास्त डॉक्टरांनी अर्ज केले. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडसाठी जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत ब्रिटनमधल्या मेडिकल पदवीधरांना ट्रेनिंगमध्ये प्राधान्य द्यायचं धोरण आलं. ‘प्लॅब देऊन टाक, जॉब मिळतोच’ असं सांगणारे सिनिअर खोटं बोलत नाहीत, पण ते जुन्या दिवसांबद्दल बोलत असतात. हे सगळं माहीत असूनही जायचंच असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

१. प्लॅबच द्यायची का, ते आधी ठरवा

ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून काम करायला जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे जीएमसीची, नोंदणी लागते. नुसतं एमबीबीएस झालेल्याला त्यासाठी प्लॅब हा नेहमीचा रस्ता. पण इथे पीजी करून मेडिसिनवाल्याने एमआरसीपीचे तिन्ही टप्पे, सर्जरीवाल्याने एमआरसीएस किंवा गायनॅकवाल्याने एमआरसीओजी (या ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांच्या, म्हणजे त्या-त्या विषयाच्या डॉक्टरांच्या संस्थांच्या, परीक्षा) पूर्ण केलं, तर प्लॅब द्यावी लागत नाही. इंग्रजीची परीक्षा मात्र तरीही चुकत नाही. तिसरा मार्ग मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हचा. पीजी झालेले डॉक्टर रॉयल कॉलेजच्या पाठिंब्याने जास्तीत जास्त दोन वर्षं तिथे शिकतात आणि परत येतात.

माझं मत विचाराल, तर नीटमध्ये मनासारखी पीजीची जागा मिळत असेल तर ती सोडून प्लॅबच्या मागे लागू नका. एमडी आणि एमआरसीपी असलेल्या उमेदवाराकडे तिथले कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ विशेषज्ञ डॉक्टर, वेगळ्या नजरेने बघतात.

२. कागद

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. एमबीबीएसची पदवी अमेरिकेतल्या ईसीएफएमजीच्या ‘एपिक’ या सेवेकडून पडताळून घ्यावी लागते. ते थेट तुमच्या कॉलेजला किंवा विद्यापीठाला विचारतात, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत तुम्ही लटकलेले.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेला. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर आडनावही वेगळं. अर्जाला हात लावण्याआधी पदवी, पासपोर्ट आणि मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र, गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते आत्ताच तयार करा.

बारा महिन्यांच्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र जपून ठेवा. सरकारी कॉलेजातून झाला असाल तर सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष आधी उरकून घ्या. ग्रामीण रुग्णालयात काढलेलं ते वर्ष इंटर्नशिपनंतरचा अनुभव म्हणून पुढे कामाला येतं.

३. इंग्रजी

आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, तेही एकाच बैठकीत. किंवा डॉक्टरांसाठीच्या ओईटीमध्ये चारही भागांत ‘बी’ ग्रेड. बहुतेकांची गाडी लेखनात अडते. ओईटीमध्ये रेफरल लेटर लिहायचं असतं, ते डॉक्टरांना सवयीचं असतं, म्हणून मी ओईटीच सुचवेन.

४. प्लॅब १

१८० प्रश्न, तीन तास, प्रत्येक प्रश्नाचं एकच सर्वांत योग्य उत्तर. भारतातही केंद्रं आहेत, त्यामुळे प्रवासाचा खर्च वाचतो. फी अडीचशे पौंडांच्या वर. प्रश्न ब्रिटनच्या पद्धतीने सोडवायचे: तिथल्या ‘नाईस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पहिलं औषध कोणतं, ते उत्तर. आपल्या वॉर्डात काय देतात, ते नव्हे.

५. प्लॅब २

ही परीक्षा फक्त मँचेस्टरमध्ये होते, आणि प्लॅब १ नंतर दोन वर्षांच्या आत पास व्हावी लागते. फी नऊशे पौंडांच्या वर. विमान, व्हिसा आणि राहणं वेगळं. सोळा स्टेशनं, म्हणजे रुग्ण बघण्याचे सोळा नमुना प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं.

आपले हुशार विद्यार्थी इथे ज्ञानामुळे नाही, सवयीमुळे मार्क घालवतात. समजा, रुग्णाची भूमिका करणारा पन्नाशीचा माणूस समोर बसलाय आणि त्याने बीपीची गोळी स्वतःहून बंद केलीय. शंभर पेशंटच्या ओपीडीत आपल्या तोंडून आपसूक निघतं, ‘कोणाला विचारून बंद केली?’ मार्क तिथेच गेले. ‘गोळी सुरू झाल्यापासून काही त्रास जाणवला का?’ असं विचारून गप्प बसलात, तर तो कोरड्या खोकल्याचं सांगेल. गोळी रॅमिप्रिल असेल तर खोकल्याचं कारण सापडलं, कारण तो त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. मग दुसऱ्या औषधाचा पर्याय समजावायचा, त्याला नेमकी कशाची धास्ती आहे ते विचारायचं, आणि काय झालं तर लगेच यायचं तेही सांगायचं. आजाराची माहिती काढणं, उपचार ठरवणं आणि माणसाशी वागणं या तिन्हींना सारखेच गुण आहेत. घरातल्या कोणालाही पेशंट करा, मोबाईलवर आठ मिनिटं लावा आणि बोला. महागडे क्लास लावायचे असतील तर त्यानंतर.

६. नोंदणी

प्लॅब २ पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जीएमसीची नोंदणी मंजूर व्हावी लागते, म्हणून अर्ज वेळेत करा. तुमच्यावर कारवाई झालेली नाही असं सांगणारं भारतातल्या वैद्यकीय नियामक संस्थेचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट लागतं आणि ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. म्हणून ते फार आधी मागवून ठेवू नका.

७. नोकरी आणि ट्रेनिंग

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या (एनएचएस) नोकऱ्यांच्या जाहिराती ‘एनएचएस जॉब्ज’ आणि ‘ट्रॅक’ या संकेतस्थळांवर येतात. गर्दी इतकी की काही जाहिराती त्याच दिवशी बंद होतात. सुरुवातीला ट्रेनिंगबाहेरच्या क्लिनिकल फेलो किंवा ट्रस्ट ग्रेडच्या जागांवर लक्ष ठेवा. प्रत्येक जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’, म्हणजे उमेदवारात काय हवं याची यादी, असतं. त्यातल्या एकेका मुद्द्याला तुमच्या अनुभवातलं उदाहरण द्या. सगळीकडे एकच मजकूर चिकटवला तर मुलाखतीचा फोन येत नाही.

ऑडिट, म्हणजे वॉर्डातलं काम ठरलेल्या निकषांप्रमाणे होतं का याची तपासणी, इथेच करून ठेवा, आणि दोन फेऱ्यांचं: आधी मोजणी, मग सुधारणा, मग पुन्हा मोजणी.

ट्रेनिंगचे अर्ज ‘ओरिएल’ या संकेतस्थळावर भरतात. फाउंडेशन प्रोग्रॅम (पदवीनंतरचं तिथलं सुरुवातीचं प्रशिक्षण) न केलेल्यांना ‘क्रेस्ट’, म्हणजे तेवढी कौशल्यं असल्याचा दाखला देणारा, फॉर्म लागतो. त्यावर सही करणाऱ्या कन्सल्टंटसोबत तुम्ही किमान तीन महिने सलग काम केलेलं असावं लागतं. भारतातल्या सरांची सही चालू शकते, पण त्यांच्या नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. सरांना हा फॉर्म आधी वाचायला द्या, कारण त्यात एकेका कौशल्यावर सही मागितलेली असते.

नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत इथली ड्यूटी सोडू नका. हातातलं काम सुटून वर्ष झालं, की मुलाखतीत पहिला प्रश्न त्या रिकाम्या वर्षाबद्दलच येतो.